खळ्यात शिकलेली गाडी

कापडे,
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

काल गाडी चालू झाली. चौथ्या किकला.

हे सांगायला मला दुसरं कोणी नाही. गावाला सांगायची गरज नाही, गावाने आवाज ऐकला. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता दीपककडून मिळवला. तो दोघींचा मावसभाऊ असला तरी तुझाच माणूस आहे, द्यायला तयार नव्हता. त्याच्यावर रागावू नकोस.

जूनमध्ये माझी बदली वरच्या वाडीच्या शाळेवर झाली. नऊ मुलं, एक खोली. एस.टी. फाट्यापर्यंत जाते, पुढे साडेचार किलोमीटर चढ. पावसाळाभर पायी गेले. दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आबांची मोटारसायकल शिकायची. वय एकोणचाळीस. साधी सायकलही मला येत नाही, ते तुला माहीत आहे. शिकवताना तू मला दोनदा ओढ्यात पाडलं होतंस.

आबांनी गाडी सहा वर्षांपूर्वी सोडली, गुडघ्यामुळे. तेव्हापासून ती पडवीत गोणपाटाखाली होती. पोलादपूरच्या स्टँडामागे हैबतीचं गॅरेज आहे, त्याला घरी बोलावलं. त्याने टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून फुंकला, चेनवरचा गंज काढला. संध्याकाळ होत आली तेव्हा म्हणाला, "प्लग गेलाय, मास्तरीणबाई. माझ्याकडं आता नाय. उद्या बघू."

मला उद्या नको होतं.

आबा पडवीत बसले होते. उठले, आत गेले. कणगीच्या तळाशी हात घालून चाचपल्याचा आवाज आला. फडक्याची पुरचुंडी घेऊन बाहेर आले.

"ह्यो बघ चालतो काय."

"आबा, ह्यो कुठल्या जमान्यातला?" हैबतीने विचारलं.

"तुला काय करायचाय जमाना? बसव."

तो कोणता प्लग होता, हे तुला सांगायला नको. त्या सकाळी तुला अलिबागला पोलीसभरतीच्या मैदानावर पोचायचं होतं. पाचची एस.टी. महाडहून होती आणि इथून तेवढ्या लवकर काही निघत नव्हतं. तू अंगणात किक मारत राहिलीस. नडगी सोलली, रक्त आलं, तरी मारत राहिलीस. आबा पडवीत बसले होते आणि हा प्लग त्यांच्या मुठीत होता. पुढे त्यांनी गाडीला नवा घातला. हा ठेवून दिला. बावीस वर्षं.

हैबतीने तो पॉलिशपेपरने घासला, बसवला, मला म्हणाला, "मारा." तीनदा नुसती हवा. चौथ्यांदा गाडी खोकली आणि धरली. माझ्या हातात हँडल थरथरत होतं. गाडी जागची हललीही नव्हती आणि मी ओरडत होते.

पुढच्या वर्षी तू नवी मुंबईत भरती झालीस, तेही दीपककडूनच कळलं. चांगलं झालं.

अलिबागचं आबांना कोणी सांगितलं, ते मला माहीत नाही.

पूजा


कापडे,
८ डिसेंबर

ताई,

लर्निंग लायसन आलं. पुढे एक आणि मागे एक लाल एल चिकटवला. आवडीकाकूंनी कुंपणावरून विचारलं, "ह्यो कसला गो?" म्हटलं, शिकणाऱ्याचा. "मंग मास्तरणीला कशाला?"

रस्त्यावर जायची हिंमत नव्हती, म्हणून खळ्यात शिकते. मळणी हल्ली यंत्रावर होते, पण घरचं खळं दरवर्षी सारवलं जातं आणि मध्ये बैल बांधायचा मेढाही रोवला जातो. बैल नाहीत, मेढा आहे. भात उचलून झालं, खळं मोकळं आहे. टणक, सपाट. गाडी शिकायला याहून चांगली जागा तालुक्यात नसेल.

अट एकच. खळ्यात चप्पल घालायची नाही. गाडीचे टायर चालतात, पायातली चप्पल चालत नाही. मी वाद घातला नाही. गिअर अनवाणी पायाने टाकते. सकाळी लोखंड बर्फासारखं लागतं. पण अंगठ्याला नीट कळतं, पडला की नाही.

शिकवणारं माणूस मिळालं आहे. रागीट आहे, पण रोज येतं.

पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. मोजली, कारण बाजूला आवडीकाकू मोठ्याने मोजत होत्या. क्लच सोडला की उडी, नाही सोडला की नुसता आरडाओरडा. कोंबड्या आंब्यावर चढल्या. तिसऱ्या दिवशी मेढ्याभोवती अर्धी फेरी. सहाव्या दिवशी पूर्ण.

आज दुसऱ्या गिअरमध्ये सात फेऱ्या मारल्या, पाय न टेकता. सातव्या फेरीत मला गाडीचा विसर पडला. फक्त वारा होता आणि मेढा एकसारखा जवळून जात होता. ताई, दुसरा गिअर पडला की पोटात काय होतं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस.

कोंबड्या आता खाली असतात. चाक आलं की एक पाऊल सरकतात.

पूजा


कापडे,
५ जानेवारी २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कोणीतरी घेतं.

मागच्या पत्रात शिकवणाऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं. आबा शिकवतात.

लिहिताना हात थांबला होता. तुझ्या हातातून जी काढून घेतली, तीच माझ्या हातात देतात. तुला हे वाचून कसं वाटेल ते मला कळतं. तरी खरं ते खरं. सकाळी साडेसहाला ते मेढ्यापाशी पाट टाकून बसतात, काठी हातात. मी भोवती फिरते, तसे पाटावर बसल्या बसल्या वळतात.

"अगो, बैल हाय काय तो? शेपटी पिळल्यावानी काय करतंस? रेस सोड!"

"सोडली आबा."

"कुठं सोडलीस? माझ्या कानात हाय ती."

ब्रेक लाव म्हणायचं तर ते अजून बैल थांबवल्यासारखं "हो हो" म्हणतात. मी ब्रेक लावते तेव्हा माझ्याही तोंडून "हो हो" निघतं. नाताळच्या सुट्टीत वाडीतल्या आयांना कोणीतरी हे सांगितलं. आता मुलं मला वर्गात शिरताना "हो हो" करतात.

तिसरा गिअर खळ्यात पडत नाही, जागा नाही. म्हणून काल अंगणातून निघून, डावीकडे, ओढ्यापर्यंत सरळ गेले. तिसरा पडला. ओढ्याशी उतरले, गाडी ढकलत फिरवली, पुन्हा बसून आले. आबा फाटकाशी उभे होते. गुडघ्याचं माणूस, फाटकापर्यंत चालत आलं होतं.

तेव्हा मी विचारलं. "ताईला चालवताना कधी बघितलं होतं?"

"रोज. पडवीतनं."

"तिला वाटायचं तुम्ही झोपलाय."

"वाटूं दे." मग म्हणाले, "बरी चालवायची. तुझ्यापरास बरी."

"मग त्या दिवशी प्लग का काढलात?"

ते काठीने जमीन टोकत राहिले. "गाडीचं मला ठावं व्हतं. अलिबागचं नव्हतं."

आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी गाडी धुवायला घेतली.

पूजा


कापडे,
२५ जानेवारी

ताई,

नापास झाले.

काल महाडला परीक्षेचा कॅम्प होता. हैबती गाडी चालवत होता, मी मागे. नवे बूट घातले होते. मैदानात चुन्याच्या फक्कीने मोठा आठ आखला होता. त्यावरून पाय न टेकता जायचं. माझ्या आधीच्या दोघांचे पाय टेकले. मी मनात म्हटलं, मी टेकणार नाही.

नाही टेकले. आठाचा पहिला गोल डावीकडे वळतो. तो मी असा काढला की साहेबांनी मान वर केली. दुसरा गोल उजवीकडे होता. मला वळायचं होतं. हातांनी ऐकलं नाही. हँडल उजवीकडे जाईना, जसं काही तिकडे जागाच नाही. मी फक्कीची रेघ ओलांडून सरळ गेले आणि साहेबांच्या टेबलापाशी थांबले. "हो हो" म्हणून.

साहेब म्हणाले, "बाई, आठ काढायला सांगितला होता. तुम्ही शून्य काढून निघून आलात."

हैबती हसत हसत खालीच बसला. "मास्तरीणबाई! बैलावानी शिकवलंन तुमाला! डावीकडनंच!"

दोन महिने, ताई. दोन महिने मी डावीकडेच फिरले. खळ्यात बैल डाव्या अंगाने फिरतात, म्हणून आबांनी मला डाव्या अंगाने फिरवलं, आणि मला ते कधी दिसलं नाही. शिवाय बुटातून गिअर कळत नाही. घरी येऊन आबांना सांगितलं. ते खरंच गोंधळले. "पर खळ्यात उजवीकडं कोन फिरतंय?"

मीही हसले. रात्री जेवतानाही हसत होते. मग हसू संपलं. आता राहिलेलं लिहिते.

अलिबागचं आबांना मी सांगितलं. आदल्या संध्याकाळी, गोठ्यात, ते धार काढत होते तेव्हा. तुझ्याशिवाय फक्त मलाच माहीत होतं. हे तू बावीस वर्षांत एकदा तरी मनात मांडलं असशील.

तू मला शब्द दिला होतास, गाडी चालवता आली की सगळ्यात आधी मला मागे बसवून महाडला नेशील. तू आबांच्या चोरून खळ्यात शिकायचीस आणि रोज पहाटे मी फाटकाशी राखणीला उभी राहायचे ते त्यासाठी. त्या संध्याकाळी मी तुझी पिशवी उघडली. चार जोड कपडे होते. एका दिवसाच्या चाचणीला चार जोड लागत नाहीत. तू परत येणार नव्हतीस आणि मला सांगितलं नव्हतंस.

मला वाटलं आबा ओरडतील, तू रडशील, राहशील. प्लग काढायचं त्यांना मी सुचवलं नव्हतं. हे वाक्य खोडणार होते, राहू दे. तू किक मारत होतीस तेव्हा मी दाराआड होते. एकदा तू दाराकडे बघितलंस. मग पिशवी उचलून पायी निघालीस, आणि आईच्या दहाव्याला नदीवर आलीस तेवढीच. घरी तेव्हाही आली नाहीस.

उत्तर देऊ नकोस, असं लिहिणार होते. पण दे.

पूजा


कापडे,
१ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच फेब्रुवारीला. शाळेतून आले तर पडवीत आबांच्या पाटाशेजारी ठेवलेलं होतं, अक्षर वर करून. त्यांनी वाचलं होतं. मी इतक्या वेळा वाचलं की आता न बघता लिहू शकते:

"उजवीकडे वळताना उजवीकडे बघ. मेढ्याकडे बघू नको. मलापण तेच झालं होतं. पायाचा ब्रेक हळू दाबून ठेव, हाताचा लावू नको. बूट घालून सराव कर."

वर नाव नाही, खाली नाव नाही. मी जे लिहिलं होतं त्याबद्दल एक अक्षर नाही. मी कार्ड उलटून पाहिलं, मागे फक्त पत्ता. मग "मलापण तेच झालं होतं" एवढंच पुन्हा वाचलं. म्हणजे तूही डावीकडेच फिरत होतीस. मी फाटकाशी उभी होते, माझी पाठ होती, मला कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात गेले तर मेढा नव्हता. आबांनी उपटला होता. पहारीने, एकट्याने, त्या गुडघ्यावर. खड्डा बुजवून वर पाणी शिंपडलं होतं. मेढा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. ते पाट घेऊन खळ्याबाहेर आंब्याखाली जाऊन बसले.

"बूट घाल," म्हणाले.

"खळ्यात?"

"खळ्याभायेर. रस्त्यावर जा. खळ्यात बूट नाय."

पण आधी खळ्यात उजवीकडे, अनवाणी. पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा पडले. मग मी मान उजवीकडे वळवली, आंब्याकडे, आणि गाडी तिकडे गेली. तिला सांगावंच लागलं नाही. ताई, गाडी बघण्याने वळते! हे कोणी आधी का सांगत नाही? मग आठ. खळ्यात मावेल एवढा, मग त्याहून लहान. आवडीकाकू म्हणाल्या, चक्कर येते गो बघून.

काल पास झाले. साहेबांनी ओळखलं. "आज टेबलाकडे येणार का?" म्हणाले. मी आठ दोनदा काढला, सांगितला होता एकदाच.

आज अर्ध्या दिवसाची शाळा. गाडीवर गेले, एकटी. घाटात उजवीकडची सहा वळणं आहेत. आजवर त्या वळणांवर मी दम खायला बसायचे. सहाही वळले. शाळेच्या अंगणात नऊ मुलं ओळीने उभी होती, नऊही जण "हो हो" ओरडली, आणि मी थांबले.

अजून एक. दीपक म्हणतो, गेली चार वर्षं मार्चमध्ये चवदार तळ्याच्या बंदोबस्ताला तुला महाडला पाठवतात. महाडहून घर तीस किलोमीटरच्या आत आहे. मी काही म्हणत नाही. वीस तारखेला मी महाडला येणार आहे, गाडीवर. तू भेटायला हवंस असं नाही. मी येणार आहे एवढं कळवते.

पूजा


कापडे,
२० मार्च, संध्याकाळ

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही.

सकाळी आठला निघाले. हायवेला चौथा गिअर टाकला. सावित्रीचा पूल गेला आणि मग गर्दी सुरू झाली. निळे झेंडे, लेकरं खांद्यावर घेतलेली माणसं, पुस्तकांच्या गाठोड्यांचे टेम्पो. गावात शिरायच्या चौकात बॅरिकेड होतं आणि बॅरिकेडपाशी तू.

मी तुला आधी पाहिलं असं मला वाटत होतं. पण तुझा हात आधीच वर झाला होता. तू मला नाही, गाडीला ओळखलंस. टाकीवरचा पोचा तुझाच आहे.

मी थांबले. "हो हो" तोंडातल्या तोंडात गिळलं. तुझ्या कानापाशी केस पांढरे झालेत. टोपीमुळे तेवढेच दिसले.

"लायसन," म्हणालीस.

मी दिलं. तू पुढून वाचलंस, मागून वाचलंस. नाव, वडिलांच्या जागी आबांचं नाव, पत्ता. एवढं छोटं कार्ड, एवढा वेळ. मागचा मोटारसायकलवाला ओरडायला लागला, "मॅडम, सोडा ना! काय तपासताय एवढं?"

"थांबा वो," तू म्हणालीस. "नवीन ड्रायव्हर हाय."

हाय म्हणालीस. एवढी वर्षं नवी मुंबईत राहून.

लायसन परत देताना तुझी बोटं माझ्या हातावर टेकली, की मला तसं वाटलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. एवढंच सुचलं, "मी सांगितलं होतं ताई. मीच."

"ठावं हाय," म्हणालीस. "दार पुरतं लागलं नव्हतं. तुझे पाय दिसत होते."

मागे आणखी दोघांनी हॉर्न वाजवला. तू शिट्टी तोंडात धरलीस, वाजवलीस, आणि उजवा हात लांब करून दाखवलास. दुचाक्या तिकडून. उजवीकडे.

मी उजवीकडे पाहिलं आणि वळले. पाय टेकला नाही. आरशात बघायला मला अजून जमत नाही, म्हणून तू पुढे काय केलंस ते मला माहीत नाही. पार्किंगमध्ये तुझ्याच तुकडीतल्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, बंदोबस्त उद्या सकाळी सुटेल, मग एक दिवस रजा धरली तर मिळते.

घरी आले तेव्हा आबा फाटकाशी होते.

"भेटली?"

"भेटली."

"बोलली?"

"लायसन मागितलं."

ते हसले. दात नाहीत आता, तुला माहीत नसेल. "गाडी वळली उजवीकडं?"

"वळली."

थोड्या वेळाने आवडीकाकूंच्या गोठ्यातून शेणाची पाटी आणताना दिसले. मी हे लिहितेय तेव्हा ते खळं सारवतायत, गुडघा एका बाजूला पसरून, एका हाताने. भात नाही, मळणी नाही. मार्चमध्ये खळं कोणी सारवत नाही. आवडीकाकू कुंपणापाशी उभ्या राहून तेच सांगतायत. आबा त्यांना म्हणाले, "तुला काय करायचाय?"

मेढा रोवलेला नाही.

उद्या सकाळी नऊला मी महाडच्या स्टँडबाहेर उभी असेन, रसवंतीच्या बाजूला. हेल्मेट दोन आणते. हे पत्र आणि किल्ली एकदमच तुझ्या हातात देईन. इथे येईपर्यंत तू चालव. मी मागे बसते.

खळं तोवर वाळलेलं असेल. तुझे बूट फाटकाशीच काढावे लागतील.

पूजा